सुई आणि शॉकअप

आमच्या गाडीला मागे दोन शॉकअप आहेत आणि ते एकमेकांना ओळखत नाहीत. डावा काळा, उजवा निळा. डावा पूर्वी शाळेच्या पोरांना नेणाऱ्या एका व्हॅनखाली होता. उजवा कुठे होता हे ज्या भंगारवाल्याने तो दिला त्यालाही आठवेना. खड्डा आला की डावा लगेच दबतो, उजवा जरा विचार करतो आणि मग दबतो. म्हणून आमची गाडी रस्त्यावरून धावत नाही, शिमग्यातल्या पालखीसारखी या खांद्यावरून त्या खांद्यावर नाचत येते. आमच्या पावस गावापासून रत्नागिरीपर्यंत लोक आपणहून बाजूला होतात. काहीजण हातही जोडतात. मीही आतून आशीर्वाद देतो. आपलं काय जातं?

आज सकाळी फणसाखाली गोणपाट अंथरलं आणि गाडीच्या मागच्या अंगाने खाली शिरलो. नट ढिले झालेत का बघायचं होतं. पोट आडवं आलं, पण शिरलो. खाली गेल्यावर माणसाचं नाक आधी जागं होतं. उन्हं चढायच्या आधीची तांबडी माती, जुनं डिझेल, गंज, आणि हौद्याच्या फटींतून कधीकाळी गळलेला, आता वाळून काळा झालेला आंब्याचा चीक. क्षणभर डोळे मिटले आणि वर हौद्यात कोणीतरी मांडी घालून बसलंय असं वाटलं. बांगडी किणकिणली.

अर्थात ती हौद्याच्या मागच्या फाळक्याची साखळी होती. वारा आला की वाजते. हे मला ठाऊक आहे. तरी मी थोडा वेळ तसाच पडून राहिलो.

ही गाडी नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची. त्यांनी ती घेतली तेव्हा ती इतरांसारखीच सरळमार्गी पिकअप होती. मग नानांनी तिला हाताशी धरलं. हौदा दीड फूट वाढवला. केबिनच्या मागची काच काढून तिथे मोकळी खिडकी ठेवली. मागच्या स्प्रिंगचे दोन पाटे काढून टाकले, कारण पाटा कडक आणि आंबा मऊ. शेवटी मिरकरवाड्याच्या कासमचाचांकडून चेसिसला भलत्याच जागी शॉकअप अडकवायचे नवे कान वेल्ड करून घेतले आणि भलत्याच गाडीचे लांब दांड्याचे शॉकअप तिथे तिरके बसवून घेतले. कासमचाचा म्हणजे ट्रॉलरच्या इंजिनापासून शिवणयंत्रापर्यंत काहीही उघडणारा फिटर. त्यांनीसुद्धा काम झाल्यावर दोन पावलं मागे जाऊन विचारलं होतं, "नाना, ही आता कोण झाली?"

नानांचं तत्त्व एकच. आंब्याला कळता कामा नये की तो घरातून निघालाय. झाडावरून देठासकट उतरवला, अढीत निजवला, पेंढ्यात गुंडाळून पेटीत ठेवला. आता तो थेट गिऱ्हाइकाच्या हातातच जागा झाला पाहिजे. वाटेत गचका बसला की आंबा दचकतो, आणि दचकलेला आंबा आतून काळा पडतो. हे नाना अशा आवाजात सांगायचे की ऐकणारा माणूससुद्धा जपून उठायचा.

पण गचका बसला की नाही, हे पुढे चाक धरून बसलेल्याला कसं कळणार? पुढची बाजू वेगळी, मागची वेगळी. यावर नानांनी जो उपाय काढला तो जगातल्या कुठल्याही कारखान्यात सापडणार नाही. त्यांनी आईला मागे बसवलं.

पेट्यांच्या दोन रांगांमध्ये, केबिनला पाठ टेकून, चौपट घडी केलेल्या गोणीवर आई बसायची. मांडीवर अबोलीची परडी, हातात सुईदोरा. इतर बायका अबोली दोऱ्याला गाठी मारत हातानेच गुंफतात. आई गाडीत मात्र सुईने ओवायची, कारण शास्त्र सुईचं होतं. गाडी निघाली की ओवायला सुरुवात. बोटाला सुई टोचली की बोट तोंडात, आणि एक. पुन्हा टोचली की दोन. गोळपचा सडा, तो उघडा कातळमाळ, ओलांडला की नाना मान न वळवता खिडकीतून विचारायचे, "किती?"

"एक."

फणसोपच्या वळणावर पुन्हा, "किती?"

"दोन."

भाट्याच्या पुलावर शेवटचा हिशोब. तीनपर्यंत गाडी निर्दोष. चार झाले तर नाना घरी येऊन शॉकअपचे रबरी बुश तपासायचे. पाच झाले की पेट्या उतरवून गाडी थेट मिरकरवाड्याला. तिथे मासळीच्या लिलावाचा कालवा, बर्फाच्या लाद्या फोडल्याचा आवाज, पायाखाली खारट चिखल, आणि त्यातून हात पुसत येणारे कासमचाचा. ते गाडीकडे बघायचेही नाहीत. आईला विचारायचे, "वहिनी, मीटर काय बोलतंय?" आई बोट वर करून दाखवायची. बस. तेवढ्यावर निदान.

मी त्या दोन रांगांच्या मध्ये, आईच्या पायाशी, सगळं लहानपण काढलं. मला वाटतं माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा प्रवास तोच. बारा-पंधरा मैलांचा रस्ता, पण नानांच्या वेगाने तो दुसऱ्या जिल्ह्यात जायचा. सायकली आम्हाला मागे टाकायच्या. एकदा एक बैल मागे टाकून गेला आणि जाताना वळून बघत गेला. वर पेंढ्याचा कोरडा, गोडसर वास. खाली डिझेलचा. आईच्या केसांना माक्याचं तेल. सड्यावर पोचलं की एकदम उजेड, कातळावरून येणारी गरम झुळूक, आणि भाट्याचं वळण घेतलं की खाडीचा ओला वास नाकात शिरायचा, तेव्हा आई परडी झाकायची. अबोलीला स्वतःचा वास नाही, म्हणायची. जवळ येईल तो वास ती घेऊन बसते.

मी एकदा विचारलं होतं, मग मोगरा का नाही ओवत गाडीत? घरी ती मोगराही ओवायची, जाईही, फाल्गुनात सुरंगीही. गाडीत मात्र बारा महिने अबोली. ती म्हणाली, "मोगऱ्याच्या वासानं आंबा रुसतो." हे मला इतकं पटलं की पुढे शाळेत निबंधात लिहिलं. मास्तरांनी खाली लाल शाईने प्रश्नचिन्ह काढलं.

आता माझी एक खोड सांगितली पाहिजे, कारण ती पुढे लागणार आहे. मला आवाज काढता येतात. कोंबडा, ट्रॉलरचं इंजिन, आमचे भटजी, सरपंचांची दुसरी बायको. गावच्या नमनाच्या खेळात लहानपणी गवळण झालो ते या गळ्यावरच. एका दुपारी गोळपच्या सड्यावर नानांनी नेहमीसारखं विचारलं, "किती?" आणि आईने तोंड उघडायच्या आत मी तिच्या आवाजात म्हणालो, "सात."

गाडी उभी राहिली. भर उन्हात, तापलेल्या कातळावर नाना उताणे पडून गाडीखाली गेले. ठोकठोक सुरू झालं. आई पदराचा बोळा तोंडात कोंबून इतकी हसत होती की तिच्या खांद्यांना बसणारे गचके कुठल्याही शॉकअपने थांबले नसते. पंधरा मिनिटांनी नाना तांबडे होऊन बाहेर आले, फाळक्यावरून आत वाकले आणि आईला शांतपणे म्हणाले, "सात? बोटं दाखव." तिने दाखवली. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. तिथून फणसोपपर्यंत मला गाडीमागून चालत आणलं. गाडीचा वेग असा, की मी दोनदा पुढे गेलो.

पुढच्या खेपेला त्यांनी "किती?" विचारलं आणि उत्तर आल्यावर जरा थांबून म्हणाले, "तूच ना गो?"

पावसाळ्यात गाडीवर विणलेल्या झावळ्यांचे झाप टाकून ठेवायचे. त्या झापांखाली चार महिने एक वेगळंच घर असायचं: ओल्या नारळीचा वास, टायरवर चढलेलं शेवाळ, हौद्यात निजलेली मांजर. गणपतीच्या आदल्या दिवशी झाप निघायचे. मूर्ती आणायला आम्ही रत्नागिरीला जायचो आणि येताना गणपती आईच्या मांडीवर. त्या दिवशी सुई नाही. तरी सड्यावर नाना विचारायचेच, "किती?" आणि आई म्हणायची, "विचारून सांगते हो," आणि मूर्तीच्या कानाशी वाकायची. थंडी सरता सरता मोहराचा तो तुरट, डोकं जड करणारा वास यायचा आणि नाना गाडीचा एकेक नट पुसायला बसायचे. मोसमाची पहिली पेटी निघायच्या दिवशी चाकासमोर नारळ आणि नानांचं गाऱ्हाणं. बा देवा म्हाराजा, ही गाडी तुझी, हा आंबा तुझा, ह्याला वाटेत काय कळू देऊ नको रे म्हाराजा. आम्ही दोघं मागून, "होय म्हाराजा."

ते "होय म्हाराजा" आता मी एकटा म्हणतो. एकट्याने ते नीट वाजत नाही.

मग मी मोठा झालो, रत्नागिरीत एका कचेरीत चिकटलो, रविवारचा घरी येऊ लागलो. आंबा आता घरूनच उचलून नेणारे लोक आले. नाना तरी दहा-बारा पेट्या हट्टाने स्वतः पोचवायचे, जुन्या गिऱ्हाइकांच्या. आणि त्या वर्षांत उत्तर बदललं होतं. सड्यावर "किती?", मागून "एकपण नाय." फणसोपला, "एकपण नाय." पुलावर, "एकपण नाय." नाना चाक सोडून मांडीवर थाप मारायचे. ही हकीकत त्यांनी सगळ्या जगाला ऐकवली. पोस्टमनला, गुरांच्या डॉक्टरला, मला बघायला आलेल्या मुलीच्या मामाला. दहा वर्षं झाली हो, कासमनं काय बसवलंय, एक टोचणी नाय. मामा म्हणाले, बरं, आणि चहा संपवला. ते स्थळ जमलं नाही.

रविवारी आलो की मी आईची बोटं बघायचो. डाव्या हाताचा अंगठा आणि पहिली दोन बोटं, टोकाशी खरखरीत, काळे काळे ठिपके. काजू सोलून होतात तशी. चीक लागला असेल, म्हणून मी कोकमाचं तेल आणून दिलं. तिने ते नीट फळीवर ठेवलं.

गेल्या वैशाखात आई गेली. कशी, ते सांगत नाही. तेवढी एकच गोष्ट मला सांगता येत नाही. आंबा भरात होता. सुतकात कोणी झाडावर चढलं नाही, त्यामुळे पिकून आपोआप पडायला लागला. दिवसभर बागेतून तो आवाज यायचा. धप्. जरा वेळाने दुसरीकडे, धप्. नाना ओटीवर बसून प्रत्येक आवाजाला डोळे मिटायचे.

तिसऱ्या दिवशी मी अस्थी घेऊन आलो. घरात आणायच्या नसतात, म्हणून मडकं पांढऱ्या फडक्यात बांधून या फणसाच्या खालच्या फांदीला टांगलं. दहावं भाट्याला, खाडी समुद्राला मिळते तिथे करायचं ठरलं. मी म्हणालो, रिक्षा सांगतो. नानांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी अस्थींना बैलगाडीतून न्यायला निघालोय.

"रिक्षात ती कधी बसली होती का?" ते म्हणाले. "आपल्या गाडीनं जायचं. मी मागे बसणार तिला घेऊन. तू चालव."

गाडी वर्षभर उभी होती. बॅटरी घातली, खोकली, सुरू झाली. नाना म्हणाले, एक चक्कर मारून बघू. आणि तीस-पस्तीस वर्षांत पहिल्यांदा ते आपल्या गाडीच्या हौद्यात, आईच्या जागी, तिच्याच गोणीवर बसले. मी गाडी फणसापासून बागेच्या दगडी गडग्यापर्यंत नेली. पन्नास पावलं. मागून काहीतरी जोरात आपटल्याचा आवाज आला आणि मी ब्रेक लावला. नाना पाठ धरून उतरले, वाकले, शॉकअपला हात लावला. दोन्ही मेलेले होते. दाबले तर दबत होते आणि मग वर यायचं विसरत होते.

नाना चिडले नाहीत. ते चकित झाले होते. "असे कसे गेले रे?" ते म्हणाले. "गेल्या खेपेला तर हिनं एकपण नाय सांगितलेलं."

एवढं बोलून ते फणसाखाली गेले आणि मडक्याजवळ उभे राहिले. मग तिथूनच, माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "गचके खात नाय न्यायची तिला. शॉकअप आण. दहाव्याच्या आत आण. नायतर मी हिला इथंच ठेवतो."

माझ्या हातात सहा दिवस होते.

शॉकअप दुकानात मागायचा तर मॉडेल सांगावं लागतं. आमच्या गाडीचं मॉडेल नाना. म्हणून मी नारळाच्या झावळीचे दोन हीर काढले. एक उघड्या शॉकअपच्या लांबीचा तोडला, दुसरा मिटलेल्याच्या. हे दोन हीर शर्टाच्या खिशात खोचून, तुळशीच्या लग्नाला निघालेल्या वरासारखा मी रत्नागिरीभर फिरलो. पहिल्या दुकानातल्या तरुण मालकाने कॉम्प्युटरवर बोट ठेवून विचारलं, कुठली गाडी? मी हीर काढून काउंटरवर ठेवले. तो बराच वेळ त्या हिरांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "काका, केरसुणीचं दुकान पलीकडे आहे." दुसऱ्याने मोजून घेतलं, आत गेला, जेवून आला आणि नाही म्हणाला. तिसऱ्याने सांगितलं की असले शॉकअप यायचे बंद होऊन जमाना झाला, हे कान कापा, नवे लावा, नाहीतर गाडी कापा. एरवी या तिघांच्या नकला मी चौकात करून दाखवल्या असत्या. त्या दिवसांत गळ्यातून आवाजच निघत नव्हता. संध्याकाळी घरी यायचो, नाना ओटीवरून नुसतं बघायचे, मी मान हलवायचो. फणसावर फडक्याचं गाठोडं वाऱ्याने थोडं फिरायचं. बागेतून, धप्.

सातव्या दिवशी दोन्ही मेलेले शॉकअप खोलून पिशवीत घातले आणि मिरकरवाड्याला गेलो. कासमचाचांनी काम सोडून बरीच वर्षं झाली. हात थरथरतात. जाळी शिवायला बसलेल्या बायकांच्या पलीकडे, सावलीत, खुर्चीवर होते. मला आधी ओळखलं नाही. पिशवीतला शॉकअप बघितला आणि मग मला ओळखलं.

"वहिनी?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. चाचांनी पिशवी जवळ ओढली. शॉकअप हातात घेतला, करवत मागवली, आणि थरथरत्या हातांनी स्वतःच नळी कापली. म्हणाले, तेल भरून होतंय का बघू. कापलेली नळी त्यांनी उलटी केली. तेल गळेल म्हणून मी पाय मागे घेतला. तेलाचा एक थेंब पडला नाही. तांबडी बारीक धूळ पडली. दुसरी कापली. त्यातूनही धूळ.

"हे आत्ता गेलेले नाय," चाचा म्हणाले. "आठ-दहा वर्षं रिकामे हायत."

मी म्हणालो, कसं शक्य आहे? आई तर. आणि तिथेच थांबलो.

चाचांनी ती धूळ चपलेने सारवली आणि मग हळूहळू सांगितलं. आई एकदा त्यांच्याकडे एकटी आली होती, एसटीने, सुकट घ्यायला म्हणून. मीटर पाचच्या वर गेलंय म्हणाली, बरंच वर. चाचांनी तेव्हाच सांगितलं होतं की असा माल आता मिळणार नाही. गाडीचे कान कापून दुसरं काहीतरी बसवावं लागेल. आणि नाना चारचौघांत शपथ घेऊन बसले होते की ज्या दिवशी माझे शॉकअप मिळायचे बंद होतील त्या दिवशी गाडी भंगारात घालीन, तिला कोणाला कापू देणार नाही.

"तुजी आई म्हणाली, चाचा, हेना सांगू नका. गाडी गेली तर हा माणूस ओटीवर बसेल. बसला की संपला." चाचांनी डोळे पुसले नाहीत, नुसते मिटले. "मी म्हटलं, वहिनी, आंबा खराब होईल. तर म्हणाली, आंब्याचं मी बघते."

आंब्याचं तिने बघितलं होतं. शेवटच्या वर्षांत पेटीत आंब्यापेक्षा पेंढा जास्त असायचा, तळाशी दुप्पट, आणि नाना कुरकुरायचे की बायको गिऱ्हाइकांना गवत विकते. आंब्याला पेंढा. तिला मात्र तीच चौपट घडीची गोणी.

पलीकडे बर्फ फोडण्याचा आवाज चालूच होता. मग चाचा उठले. म्हणाले, कान कापू. आता कापायला हरकत नाय.

पुढचे दोन दिवस भंगाराचे. एका वाड्यात काळा मिळाला, दुसऱ्यात निळा. हिरांशी दोन्ही जेमतेम जुळले, एकमेकांशी नाही. वेल्डिंग चाचांच्या भाच्याने केलं, चाचा खुर्चीवर बसून काठीने दाखवत राहिले. बुश काही बसेनात, तेव्हा ट्रॉलरच्या इंजिनाखालचं जुनं रबर कापून चार बुश केले. नवव्या दिवशी उन्हं कलताना मी गाडी घरी आणली, डाव्या-उजव्या खांद्यावर नाचवत. नाना बघून म्हणाले, "ही आता कोण झाली?" चाचांचं वाक्य त्यांच्याही लक्षात होतं.

त्यांनी खाली वाकून कापलेले कान बघितले. हात फिरवला. त्यांनी शपथेचा विषय काढला नाही आणि मी मिरकरवाड्याचा काढला नाही. मी, ज्याने आयुष्यात ऐकलेली एकही गोष्ट पोटात ठेवली नाही, तो गप्प बसलो. तिने एवढी वर्षं राखलेलं मी एका संध्याकाळी कसं फोडणार होतो?

दहाव्याच्या सकाळी नानांनी फणसावरून मडकं स्वतः उतरवलं. मागे चढले, गोणीवर बसले, केबिनला पाठ टेकली. मडकं दोन्ही मांड्यांच्या मध्ये, आणि बाजूला आईची परडी. परडीत मोगरा होता. अबोलीची रोपं विहिरीवर वाळून गेली होती. आई आजारी पडल्यापासून त्यांना पाणी घालायचं कोणाला सुचलंच नव्हतं. मोगऱ्याचं आपल्या आपण चाललं होतं. नानांनी खिशातून आईची सुई काढली. ओवायला चष्मा लागतो म्हणून मीच दोरा घालून दिला.

मी गाडी अशी चालवली जशी जन्मात चालवली नाही. खड्ड्याला विचारून खड्ड्यात गेलो. सड्यावर माझ्या मागे पाच-सहा गाड्या साचल्या, हॉर्न वाजवायला लागल्या, मग बाजूने जाताना त्यांना हौद्यातला म्हातारा दिसला, मांडीतलं पांढरं फडकं दिसलं, आणि हॉर्न बंद झाले. खिडकीतून मोगऱ्याचा वास येत होता. डावा दबत होता, उजवा विचार करून दबत होता. मला "किती?" विचारायचं होतं. सड्यावर जमलं नाही. फणसोपला जमलं नाही.

भाट्याला गाडी वाळूच्या कडेला उभी केली. भटजी येऊन थांबले होते. मी मागे गेलो, फाळका सोडला आणि मग विचारलं, "नाना, किती?"

नाना खाडीकडे बघत होते. "एकपण नाय," ते म्हणाले. "चांगले हायत शॉकअप."

आणि ओवलेला गजरा त्यांनी माझ्या हातात दिला, मडक्याच्या गळ्यात बांधायला. वीतभर होता, वेडावाकडा, फुलं कुठे देठातून ओवलेली, कुठे पाकळीतून. पांढऱ्या मोगऱ्यावर ठिकठिकाणी लाल ठिपके होते. काही ओले. मी मोजायला लागलो आणि नऊला थांबलो.

मोगऱ्यावर दिसतं.

तेव्हा मला कळलं, गाडीत बारा महिने अबोली का. अबोलीच्या त्या शेंदरी रंगात काही दिसत नाही. जवळ येईल ते ती घेऊन बसते. आणि मी ते निबंधात लिहिलं होतं, आंबा रुसतो म्हणून.

गजरा मी बांधला. पाण्यात मडकं गेलं तेव्हा लाट आली नाही, काही नाही. ओहोटी होती, खाडीने ते हळूच उचललं आणि नेलं. गचका बसला नाही. नाना गुडघाभर पाण्यात उभे राहून ते दिसेनासं होईपर्यंत बघत होते, आणि त्यांचं बोट तोंडात होतं, ती धरायची तसं.

परत येताना ते पुढे बसले, माझ्या शेजारी. मागे रिकामा हौदा, गोणी, परडी. फाळक्याची साखळी वाजत होती. फणसोप गेलं. वळणं गेली. गोळपच्या सड्यावर नेहमीचा तो उजेड आला, तापल्या कातळावरची झुळूक आली, आणि नानांनी समोर बघता बघता, मान न वळवता, मागच्या खिडकीकडे तोंड जरासं तिरकं करून विचारलं,

"किती?"

विचारल्यावर त्यांना कळलं असावं. ते एकदम आक्रसले. हात गुडघ्यावर होता, तिथेच मिटला. रस्ता पुढे सरळ होता. साखळी वाजत होती. सहा दिवस नव्हता तो गळा मी शोधला, कुठे तरी खोल, पेंढ्यात गुंडाळलेला, आणि तिच्या आवाजात म्हणालो,

"एकपण नाय."

नानांनी माझ्याकडे बघितलं नाही. थोड्या वेळाने मांडीवर थाप मारली, अगदी हलकेच, कोणी जागं होऊ नये अशी.